पाळीवर लेकीची जागा

माझी लेक देशाच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी आहे. मुलचेऱ्याच्या कचेरीसमोर, मी लोकांचे अर्ज लिहून देतो त्या माझ्या पत्र्याच्या छपरीत, हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी उच्चारतो, आणि ज्याचा अर्ज हातात घेतलेला असतो त्याला ते ऐकून घ्यावे लागते. "म्हणजे काय करते, भाऊ?" असे लोक विचारतात. आपला देश दुसऱ्या देशाशी जे बोलतो, ते बोलण्याचे काम ती करते, असे मी सांगतो. समोरचा माणूस मान डोलावतो आणि हमखास पुढचा प्रश्न टाकतो, "अन् घरी कधी येते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी घोटून ठेवले आहे. दुसऱ्याचे मला एक वर्ष सोडता जमलेले नाही.

माझी शाळा नववीत सुटली. परंतु कोणत्या साहेबापुढे कोणता शब्द आधी ठेवावा आणि कोणता राखून ठेवावा, हे मला जितके उमगले आहे तितके या तालुक्यात फार थोड्यांना उमगले असेल. लेकीला बोलण्याचे अंग माझ्याकडून मिळाले, असे माझे ठाम मत आहे. तिची माय ते मानत नाही. "तुमच्याकून मोठेपना गेला असन. बोलनं तं माह्याकून गेलं," असे म्हणून ती चुलीकडे वळते आणि त्या मुद्द्यावर अपील चालत नाही.

आमचे गाव तळ्यावर जगणारे. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात तशा जुन्या तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून आमची घरे आहेत. पुरुष जाळे टाकतात, बाया काठाच्या उथळ पाण्यात हातजाळीने झिंगे, म्हणजे तळ्यातली बारीक कोळंबी, धरतात, आणि ते बाजारात विकून घरचे तेलमीठ चालवतात. पाळीच्या खालच्या अंगाला दुसरे गाव आहे, धान पिकवणाऱ्यांचे. अश्विनात पाऊस थांबतो, त्यांच्या भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचे पाणी हवे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमची मासळी वाढायची असते. म्हणून दर वर्षी दोन्ही गावे पाळीवरच्या चिंचेखाली बैठक घेतात. तुडूम, म्हणजे तळ्याचे पाणी सोडायची दगडी मोरी, किती दिवस उघडायची, हे तिथे ठरते. सरकार दरबारी या बैठकीला काही किंमत नाही. आमच्याकडे तिच्यापुढे सरकारला किंमत नाही.

तिची एक रीत आहे. दोन्ही बाजू समोरासमोर चटयांवर बसल्या की आधी पाणी फिरते. एका गुंडातले, म्हणजे पितळी घागरीतले, पाणी, एकाच गडव्याने, म्हणजे तांब्याने, एकाच माणसाच्या हातून. तो माणूस दोन्ही गावांपैकी कोणाचा नसावा लागतो. पाणी पिण्याआधी विषयाचा शब्द कोणी काढायचा नाही. आणि ज्याने ते पाणी प्यायले त्याला बोलण्यापासून कोणी अडवायचे नाही. आमच्याकडे बरीच वर्षे हे पाणी शाळेचे गुरुजी देत आले. गुरुजी बदलत, परंतु ते नेहमी बाहेरगावचेच असत, त्यामुळे अडचण पडत नसे.

माझी लेक लहानपणी त्या चटईच्या कडेला जाऊन बसायची. कोणीतरी म्हणायचे, "ए पोट्टे, खाली जाऊन बस." मग ती पाळीच्या पायथ्याशी, जिथे बाया बसत, तिथे तिच्या मोठीमायजवळ जाऊन बसे. मोठीमाय म्हणजे माझी थोरली वहिनी. पायथ्याशी वरचे बोलणे अर्धेच ऐकू येते. उरलेले अर्धे मोठीमाय स्वतःच्या मनाने भरून तिला सांगत असे, आणि ते बहुधा वरच्या बोलण्यापेक्षा रंगतदार असे.

पाचवीला मी लेकीला भद्रावतीस माझ्या बहिणीकडे पाठवले. बहिणीचे यजमान आयुध निर्माणीत कामाला. वसाहतीत पक्के घर, जवळ चांगली शाळा. एसटीत बसवताना माझेच डोळे भरले. ती मात्र खिडकीतून एवढेच म्हणाली, "बाबा, तळ्याची बैठक झाली का मले सांगजा, कोन जितलं ते." तेव्हापासून ती दूरच आहे. आधी भद्रावती, मग नागपूर, मग दिल्ली, मग ज्या देशांची नावे मी नकाशावर बोटाने शोधली ते देश. आमच्या घरात तिचे येणे हा सण आणि तिचे नसणे हा रोजचा दिवस, असेच वर्षानुवर्षे चालत आले आहे. तिची माय झिंगे वाळवून डब्यात भरून ठेवते. वर्ष उलटले की तो डबा आम्ही दोघे खातो, आणि ती नवा भरते.

फोनवर ती तिकडच्या गोष्टी सांगते. सुरुवातीला मला वाटे, देशाची खुर्ची मिळाली म्हणजे सगळे मिळाले. तसे नव्हते. एका समारंभात ती आणि तिच्या हाताखालचा एक तरुण अधिकारी सोबत उभे होते. यजमानाने त्याच्याशी हात मिळवला आणि तिला विचारले, आमचे शहर तुम्हाला आवडले का, मुलांच्या शाळेची सोय झाली का. तिला तो त्या तरुणाची बायको समजला होता. "मग तू काय म्हनाली?" मी विचारले. "म्हटलं, शहर छान आहे. उद्या दहा वाजता तुमच्यासोबत माझीच बैठक आहे, तेव्हा सविस्तर सांगते."

एकदा एका अशांत देशातली नेमणूक तिला हवी होती. वरिष्ठ म्हणाले, बाईमाणसाला तिथे धोका आहे, आणि पुरुषाला पाठवले. त्या दिवशी ती फोनवर फार हसली. "बाबा, मी गडचिरोलीची. पोलीस कॅम्पासमोरून शाळेत गेले. आणि मला सांगतात धोका काय असतो." 

लग्नाचे असेच. स्थळे आली नाहीत असे नाही. प्रत्येकाला अधिकारी सून हवी होती, परंतु तिची बदली होईल तिथे सोबत जायला मुलगा तयार नसे. तिच्यासोबतच्या पुरुष अधिकाऱ्यांच्या बायका नोकऱ्या सोडून देशोदेशी गेल्या, त्याचे कोणाला नवल वाटले नाही. आमच्याकडे एका मुलाच्या बापाने मला सरळ विचारले, "आमचा पोरगा तिकडं काय करनार? भाकरी थापनार?" मी म्हणालो, "शिकला तं थापन." स्थळ तिथेच संपले. घरी आल्यावर बायकोने मला चहा दिला नाही.

आणि चहावरूनच एक गोष्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बैठकीत चहाची किटली आली. खोलीत ती एकटीच स्त्री. एका वरिष्ठांनी सहज म्हणावे तसे म्हटले, तुम्ही ओता ना. तिने नम्रपणे नकार दिला, आणि त्यानंतर आजवर कोणत्याही सरकारी खोलीत तिने कपात चहा ओतलेला नाही. हे मी तिच्या नोकरीतल्या सर्व पराक्रमांत वरचे मानतो, आणि छपरीत अनेकांना सांगितले आहे.

दोन दिवाळ्यांपूर्वी ती रजेवर आली. बैठक तिच्या रजेतच येत होती. माझ्या मनात एक गोष्ट बसली, आणि तीच या लेखाचे कारण आहे. मला वाटले, ज्या चटईवरून तिला खाली पाठवले, त्या चटईवर तिने एकदा बसावे. जगातल्या साऱ्या टेबलांवर ती बसते, पण परत यावे असे कारण तिला इथे काय आहे? दोन म्हातारी माणसे आणि डबाभर झिंगे. गावाने तिला एक जागा दिली, तर ती जागा तिला ओढून आणील. बापाचा हा हिशेब होता. देशाची प्रतिनिधी आपल्या बाजूने बोलणार, असे मी गावभर सांगून टाकले. तिला तेवढे सांगायचे राहिले.

बैठकीच्या दिवशी मी नवा सदरा घातला. चिंचेखाली दोन्हीकडच्या चटया पडल्या होत्या. मी तिला आमच्या चटईकडे नेऊ लागलो, तोच आमच्या बाजूचे सर्वांत वडील म्हातारे, ज्यांच्याशिवाय आमच्याकडून कोणी तोंड उघडत नाही, ते हात वर करून म्हणाले, "भाऊ, पोरीले कुठी बसवून राह्यले?"

"आपल्या बाजूनं. ती देशाकून बोलते."

"देशाकून बोलू दे न. तळ्याकून काऊन? लेक गावाची रायते का? उद्या लगन झालं तं कोन्या गावची होईन, तुमाले मालूम हाये?"

"लगन झालं नाई अजून."

"मंग तं कोनाचीच नाई."

हे त्यांनी दुष्टपणे म्हटले नाही. आमच्याकडे जे खरे मानतात तेच त्यांनी सांगितले. परंतु माझे कान तापले. अर्जात असा मुद्दा आला असता तर मी तीन कलमांत खोडला असता. तिथे मी नुसती नव्या सदऱ्याची बाही सारखी करत राहिलो. लेकीने माझ्याकडे पाहिले, आणि मी गावभर काय सांगून ठेवले होते ते तिला त्या एका नजरेत कळले.

तेवढ्यात समोरच्या गावाचे म्हातारे चुळबुळले. "गुरुजी कुठी हाये? पानी कोन देनार?"

गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत भद्रावतीला आपल्या घरी गेले होते. एरवी बैठक सुट्टीआधी होई; त्या साली पाऊस लांबल्याने ती लांबली, आणि याचा विचार कोणी केलाच नव्हता. तुडुमापाशी पाणी किती आहे ते दोन्ही बाजूंनी मोजून ठेवले होते, पण पाणी द्यायला माणूस नव्हता. आमच्या रस्त्याने त्या वेळी कोणी परका जात नव्हता. ऊन चढत होते. शेवटी समोरचे म्हातारेच म्हणाले, "हे बाई देईन तं चालते आमाले. तुमीच तं म्हनता, कोनाचीच नाई."

दोन्ही चटयांवर हशा पिकला. मला मात्र किटली दिसत होती. ज्या पोरीने दिल्लीत चहा ओतायला नकार दिला, तिला मी पाणी वाटायला पाळीवर आणून उभे केले होते, असे मला झाले. मी पुढे होऊन म्हणालो, "ती पानी देनार नाई."

"थांबा, बाबा," ती म्हणाली. पदर खोचावा तशी तिने ओढणी कमरेला बांधली. मग म्हाताऱ्यांना विचारले, "बैठकीला आलेल्या सगळ्यांना द्यायचं ना?"

"सगळ्याइले. रीतच हाये."

तिने गुंड कमरेवर घेतला, गडवा हातात धरला, आणि चटयांना पाठ करून पाळीचा उतार उतरली. वरच्यांना वाटले, गुंड भरायला चालली. ती पायथ्याला बायांजवळ थांबली. पहिला गडवा तिने मोठीमायच्या ओंजळीत ओतला.

मोठीमायने पाणी पिऊन तोंड पुसले, आणि मगच तिच्या लक्षात आले. तिच्या शेजारची बाई खुदकन हसली. एकेक ओंजळ पुढे येऊ लागली. आमच्या बाया, आणि त्यांच्या पलीकडे निंदणीचे विळे घेऊन बसलेल्या खालच्या गावच्या बायाही. वर आमचे म्हातारे उठून उभे राहिले.

"अवं बाई, त्याइले काऊन देऊन राह्यली? त्या आयकाले आल्या."

"ऐकणाऱ्याला तहान लागत नाही का, आजोबा?" ती खालूनच म्हणाली. "अन् तुम्हीच म्हणाले, सगळ्याइले."

समोरचे म्हातारे कपाळावर हात मारून म्हणाले, "गेलं बापा. आता ह्या बोलनार."

आणि त्या बोलल्या. बाया उतार चढून वर आल्या. कोणी चटई दिली नाही, तर चिंचेच्या मुळांवर बसल्या. मोठीमाय आधी अडखळली, मग तिला सूर सापडला. पुरुष तळ्याच्या मधल्या पाण्याचे भांडतात, तिचे म्हणणे काठाचे होते. तुडूम एकदम उघडले की काठ एका दिवसात चिखल होतो आणि झिंगे जातात. मधल्या पाण्यातली मासळी जगते, काठ मरतो. "तुमाले मोठी मासळी दिसते. आमची तुमच्या पायाखाली रायते," ती म्हणाली. खालच्या गावच्या बायांनी तिला दुजोरा दिला, कारण एकदम सुटलेले पाणी त्यांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची खाचरे, फोडून जाते आणि त्या बांध्या पुन्हा बायांनाच बांधाव्या लागतात. तुडूम थोडे थोडे उघडावे, धुण्याच्या दगडापर्यंत पाणी उतरले की बंद करावे, असे ठरले. लेकीने पूर्ण बैठकीत एकही सूचना केली नाही. ज्याचा आवाज वाढे त्याच्यापुढे ती पुन्हा गडवा घेऊन जायची, बस्स.

घरी येताना मी तिला विचारले, तिकडे ओतत नाही, मग इथे काऊन ओतले? ती म्हणाली, "तिकडे जी ओतते, तिचं बोलणं संपतं, बाबा. इथं तिच्याशिवाय सुरूच होत नाही. तुम्ही लोकांनी हा मान इतकी वर्षं गुरुजींना फुकट दिला." मग माझ्या नव्या सदऱ्याची बाही ओढून म्हणाली, "आणि मला न विचारता मला कुठं बसवत जाऊ नका. गाव असो का दिल्ली."

रजा संपली, ती गेली. परंतु त्या वर्षी मला तिच्या जाण्याचा पूर्वीसारखा चटका बसला नाही, कारण दोन्ही गावांचे म्हातारे मला रस्त्यात थांबवून सांगत होते, "औंदा बरं झालं, भाऊ. पुढच्या साली बाई आली का बसू." मी तिला फोनवर हे शब्द जसेच्या तसे सांगितले.  मग ती म्हणाली, "येईन, बाबा." वर्षभर मी त्या दोन शब्दांवर राहिलो. छपरीत लोकांनी विचारले, "घरी कधी येते?" तर पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर होते: धानाच्या शेवटच्या पाण्याला.

गेल्या अश्विनात पाऊस लवकर थांबला. बैठकीचा दिवस तिची रजा धरूनच ठरला होता. तिच्या मायने ताजे झिंगे वाळत घातले होते. आणि तिचा फोन आला. तिच्या कार्यालयात त्याच दिवसांत दुसऱ्या देशाशी मोठी बोलणी ठरली होती. आजवर अशा बोलण्यांत ती साहेबाच्या मागच्या रांगेत बसत आली, टिपणे पुढे सरकवत. या वेळी तिला टेबलाशी बसवणार होते. टेबलाशी बसणाऱ्यांत ती एकटीच स्त्री.

"तुम्ही म्हणाल तर रजा मागते," ती म्हणाली. आणि मला ठाऊक होते, ती मागेल.

आयुष्यभर मी लोकांच्या वतीने 'कृपा करून' असे लिहीत आलो. त्या क्षणी ते दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. परंतु मी म्हणालो, "तिकडची जागा सोडू नको." फोन ठेवून मी बराच वेळ छपरीत बसून राहिलो. एक माणूस अर्ज घेऊन आला, त्याला मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितले.

गावांनी आणखी काही दिवस वाट पाहिली. मग धान पिवळा पडू लागला आणि समोरचे म्हातारे म्हणाले, आता थांबता येत नाही. चिंचेखाली चटया पडल्या. या वेळी बाया आधीच वर येऊन मुळांवर बसल्या होत्या. गुरुजी पुन्हा सुट्टीत. "इचारा न तिले," आमचे म्हातारे मला म्हणाले, "पानी कोनाच्या हातानं घ्यावं?" पाळीवर त्या चिंचेपाशीच नेटवर्क लागते. मी सर्वांदेखत फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती निघायच्या घाईत असावी. माझी अशी आशा होती, खोटे कशाला सांगू, की ती म्हणेल, थांबा, मी येते.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बाबा, मोठीमायचं माहेर कोणतं?"

 फोनचा आवाज मोठा होता, सर्वांनी ऐकले होते. मोठीमाय खालच्या गावची लेक आणि आमच्या गावची सून. समोरच्या चटईवर तिचे दोन भाऊ बसलेले होते, आमच्या चटईवर तिचा दीर, म्हणजे मीच. इतकी वर्षे ती पायथ्याशी बसली, आणि गुरुजी नसले की काय करावे याची चिंता आम्ही वर बसून करत राहिलो.

"दोन्ही गावची हाये वो," समोरचे म्हातारे पुटपुटले.

"मंग दोन्हीकून ओरडा खाईन," आमचे म्हणाले. पण त्यांनी गुंड तिच्याकडे सरकवला.

मोठीमायने हात लुगड्याला पुसले. "थांब वो बाई, मले आयकू येऊन राह्यलं तुहं," ती फोनच्या दिशेने मोठ्याने ओरडली, जणू लेक तळ्याच्या पलीकडच्या काठावर होती.

मला कळले होते की माझ्या लेकीने आपली जागा, मी तिच्यासाठी राखून ठेवलेली, एका प्रश्नात देऊन टाकली. आता कोणत्याही अश्विनात तिच्यावाचून तुडूम अडणार नाही.

"बाबा, फोन बंद करू नका," ती म्हणाली. "पाणी ओततात तो आवाज ऐकू द्या. मग जाते मी."

मी फोन हातात धरून गुंडाजवळ वाकलो. पहिल्या ओंजळीत पाणी पडले, मग दुसऱ्या. माझी पाळी आली तेव्हा मला दोन्ही हात लागणार होते, म्हणून मी फोन चिंचेच्या मुळावर, बायांच्या रांगेत, ठेवला. तो अजून चालू होता. मी ओंजळ पुढे केली.